तो नेमकं काय ओरडला?

१९८७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमध्ये वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणला होता. भाड्याचा रंगीत टीव्ही, तीन कॅसेटी आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये अंथरलेल्या दोन सतरंज्या. पहिला सिनेमा मोठ्यांचा, दुसरा कॉलेजातल्या दादालोकांचा आणि तिसरा आम्हा मुलांचा, ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’. म्हणजे तो लागला तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता आणि ज्यांच्यासाठी आणला ती निम्मीअधिक मुलं तोंडं उघडी टाकून झोपली होती. मी जागी होते. माझ्यामागे भिंतीला टेकून बाबा बसले होते. ते झोपलेत की जागे आहेत, हे त्यांच्याकडे बघून कधीच सांगता यायचं नाही.

कॅसेट कॉपीची कॉपी असावी. पडद्याच्या तळाशी पांढऱ्या रेघांची पट्टी सारखी थरथरत होती आणि रंग दहादा धुतलेल्या चादरीसारखे विटले होते. आम्ही मराठी माध्यमातली मुलं, आमचं इंग्रजी पाचवीपासून. संवादांतलं एक अक्षर कळत नव्हतं. कळलं ते एवढंच, की एक मुलगा शाळेच्या माळ्यावर लपून पुस्तक वाचतोय आणि त्या पुस्तकातला दुसरा एक मुलगा घोड्यावरून कुठेतरी निघालाय. त्या दुसऱ्याचं नाव आत्रेयू. ते मात्र स्वच्छ ऐकू आलं आणि ‘आपल्या आत्रेयांपैकीच दिसतोय’ असं कुणीतरी म्हणालंही.

मग दलदल आली. घोडा चालता चालता थांबला. मुलगा लगाम ओढतोय, विनवतोय, रडतोय, चिडतोय. घोडा नुसता उभा. चिखल पोटाला लागला, मग छातीला, मग मानेला. त्यानंतर पडद्यावर एकटा मुलगाच उरला.

‘खोटं असतं गं ते,’ मागून बाबा म्हणाले. ‘घोड्याला काही झालेलं नसणार.’

म्हणजे जागे होते.

शेवटाकडे सगळं जग फुटून तुकडे होत असताना पांढऱ्या कपड्यातली एक लहानशी राणी थेट माळ्यावरच्या मुलाकडे बघून काहीतरी मागते. तो खिडकीकडे धावतो. बाहेर वादळ, विजा. आणि तो जिवाच्या आकांतानं एक शब्द ओरडतो. तो शब्द काही कळला नाही. आम्ही कॅसेट मागे घेऊन तीनदा ऐकला, तरी ढगांचा गडगडाटच कानात आला. दुसऱ्या दिवशी जिन्यात यावर भांडणं झाली. एकीचं म्हणणं, त्यानं त्याच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं. एकाला ‘मून’ असं काहीतरी ऐकू आलं होतं. माझं ठाम मत होतं की तो ‘मला वाचवा’ म्हणाला. इंग्रजी सिनेमात तो मराठी कसा बोलेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

पुढे बारा-तेरा वर्षं तो शब्द तसाच लटकून राहिला.

पुण्यात जर्मन शिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मी शिकले, पुढे यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करून त्यावर पोटही भरू लागले. शिकत असताना मॅक्सम्युलर भवनाच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं: ‘दी उनएंडलिशे गेशिश्टे’, न संपणारी गोष्ट. लेखक मिशाएल एंडे, साल १९७९. घरी आणून पहिलं पान उघडलं तर अक्षरंच उलटी. मला वाटलं छपाईत घोटाळा झालाय. मग उठून गोदरेजच्या कपाटाच्या आरशासमोर पान धरलं. आरशात ती पाटी सुलटी झाली: जुन्या पुस्तकांचं दुकान, मालक कार्ल कोनराड कोरेआंडर. दुकानाच्या काचेच्या दारावर रंगवलेली पाटी. ती उलटी दिसते, कारण आपण ती आतून बघतोय. म्हणजे गोष्टीत अजून कुणी आलेलंही नाही आणि वाचणारा मात्र आधीच दुकानात जाऊन बसलाय! मी हातात पुस्तक घेऊन कपाटासमोर उभीच राहिले. आई विचारत होती, ‘काय गं, बरं वाटत नाही का?’

आतला मजकूर दोन शाईंत छापलेला. आपल्या जगात जे घडतं ते लालसर शाईत, पुस्तकातल्या फांटाझियन नावाच्या राज्यात जे घडतं ते निळसर हिरव्या. पानावर नजर टाकताच कळावं की आपण कुठल्या बाजूला आहोत. प्रकरणं सव्वीस आणि पहिलं प्रकरण ‘ए’ने सुरू होणारं, दुसरं ‘बी’ने, असं करत शेवटचं ‘झेड’ने. प्रत्येकाच्या सुरुवातीला रोसविथा क्वाडफ्लीग या चित्रकर्तीनं काढलेलं पानभर मोठं अक्षर. (मराठीत हे करायचं म्हटलं तर ‘ण’ आणि ‘ळ’शी अडणार. ‘ळ’ने सुरू होणारं प्रकरण आणणार कुठून?) शब्दकोश मांडीवर घेऊन मी दिवसाला चार-पाच पानं वाचायची. निम्म्याच्या जरा आधी, बाराव्या प्रकरणाच्या शेवटी, तो शब्द भेटला. मोंडेनकिंड. चंद्राचं लेकरू. राणी मुलाकडे मागत होती ते तिचं नवं नाव.

जिन्यात ‘मून’ म्हणणारा बरोबर होता. तोवर तो अमेरिकेत गेलेला.

पण खरा धक्का पुढेच होता. नाव सापडलं, राणी वाचली, गोष्ट संपली, आणि पुस्तकाची अर्ध्याहून जास्त पानं माझ्या उजव्या हातात शिल्लक होती. सिनेमात यातलं काहीच नव्हतं.

एंडेनं हे पुस्तक इटलीत बसून लिहिलं, रोमजवळच्या जेन्झानो गावात. जर्मनीत त्या काळी मुलांसाठी परीकथेच्या अंगानं लिहिणं म्हणजे वास्तवापासून पळ काढणं असं मानणारे समीक्षक बरेच होते आणि या कटकटीला वैतागून तो तिकडे राहायला गेला होता. बाप एडगर एंडे हा अतिवास्तववादी चित्रकार. नाझींनी त्याच्या चित्रांवर बंदी घातली होती. तेव्हा ‘कल्पनेनं काय होतं’ हा प्रश्न या घरात कुणी हलक्यानं विचारला नसेल. प्रकाशक नवं पुस्तक मागत होता तेव्हा एंडेनं टिपणांच्या चिठ्ठ्यांतून एक काढली. त्यावर एवढंच होतं की एक मुलगा गोष्ट वाचता वाचता खरोखरच गोष्टीत शिरतो आणि त्याला बाहेर पडणं कठीण जातं. शंभरेक पानांत उरकेल असं वाटलं होतं. उरकलं नाही, कारण मुलगा बाहेर यायलाच तयार होईना.

माझ्या मते सगळं पुस्तक त्या चिठ्ठीच्या उत्तरार्धात आहे. आत शिरणं सोपं. अडतं ते बाहेर पडताना.

आणि सिनेमानं नेमका तोच भाग सोडला. वोल्फगांग पीटरसन हा दिग्दर्शक काही ऐरागैरा नव्हता. पाणबुडीत कोंडलेल्या माणसांवरचा त्याचा १९८१ चा सिनेमा जगभर गाजला होता. म्युनिकच्या बावारिया स्टुडिओत हे काम झालं. सुमारे सहा कोटी मार्क खर्च, म्हणजे तोवरचा सर्वांत महागडा जर्मन सिनेमा. १९८४ मध्ये तो आला. एंडे सुरुवातीला पटकथेत सामील होता. मग ती आपल्याला न विचारता बदलली गेली म्हणून तो बिथरला, निर्मिती थांबवा नाहीतर सिनेमाचं नाव बदला म्हणाला, कोर्टात गेला आणि हरला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून मात्र त्यानं स्वतःचं नाव काढायला लावलं. सिनेमाला त्यानं जे म्हटलं ते जर्मनमध्ये ऐकायला फार ठसकेबाज आहे: कित्श, कोमेर्त्स, प्लुश आणि प्लास्टिक यांचा अवाढव्य मेलोड्रामा. भडकपणा, धंदा, लोकरी खेळणी आणि प्लास्टिक.

लोकरी खेळणं हा टोला गोष्टीतल्या उडत्या ड्रॅगनला असणार. पुस्तकातला फुखुर सिंहाच्या तोंडाचा, मोतिया खवल्यांचा, माणकासारख्या डोळ्यांचा. आवाज काशाच्या घंटेसारखा. सिनेमात त्याचं नाव फाल्कोर झालं आणि तोंड एखाद्या लाडावलेल्या कुत्र्याचं. कानामागे खाजवलं की खूश होणारा. त्याचा तो प्रचंड पुतळा अजून म्युनिकच्या स्टुडिओत आहे आणि पोरं त्याच्या पाठीवर बसून फोटो काढतात. मला दहाव्या वर्षी तो मनापासून आवडला होता आणि तो काही गुन्हा होता असं मला अजून वाटत नाही.

या भांडणात मी कुणाच्या बाजूची, ते मला बरीच वर्षं ठरवता येत नव्हतं. लेखकाच्या बाजूनं उभं राहणं सभ्यपणाचं असतं. ‘पुस्तकाची सर नाही’ म्हटलं की आपण चार पायऱ्या वर चढतो. पण मग तो घोडा आठवतो.

पुस्तकात घोडा बोलतो. आर्टाक्स त्याचं नाव. दलदलीत पाय रुतायला लागले तसा तो आत्रेयूला सांगतो की पावलागणिक दुःख वाढत चाललंय, आता जगावंसं वाटत नाही. आत्रेयूच्या गळ्यात राणीचं पदक आहे म्हणून त्याला दुःख बाधत नाही. तो ते पदक घोड्याच्या गळ्यात घालायला निघतो. घोडा म्हणतो, तुला तसा अधिकार नाही. आणि शेवटी, माझा शेवट बघू नकोस, तू जा, अशी विनवणी करतो. वाचायला सुंदर आहे. पण त्यात घोडा समंजस आहे, त्याला आपलं काय होतंय ते कळतंय, तो निरोप घेतोय. सिनेमानं त्याची वाचा काढून घेतली. मग उरलं एक मुकं जनावर, ज्याला समजावता येत नाही, जे समजावतही नाही, नुसतं उभं राहतं. ज्यांनी ज्यांनी लहानपणी तो सिनेमा बघितला त्यांना बाकी काही आठवो न आठवो, तो घोडा आठवतो. ज्यांच्या घरात कुणी असं हळूहळू बोलेनासं झालेलं आहे त्यांना तर तो फार नीट समजतो. इथे पीटरसननं पुस्तकातला मजकूर कापला आणि गोष्ट खोल केली. एंडे मला क्षमा करो.

म्हणजे मूळ पुस्तकाशी इमान राखणं हा मुद्दाच नव्हे. डायना विन जोन्स या इंग्रज लेखिकेच्या १९८६ च्या कादंबरीतल्या चालत्या किल्ल्याला चार ठिकाणी उघडणारं एकच दार आहे. दारावरच्या मुठीचा काळा रंग खाली आला की ते थेट आजच्या वेल्समध्ये उघडतं, जादूगाराच्या बहिणीच्या घराशी. जपानी दिग्दर्शक मियाझाकींनी २००४ मध्ये त्यावर सिनेमा केला तेव्हा वेल्स पार पुसून टाकलं आणि त्या दाराआड युद्धाचा काळोख ठेवला. कथाही निम्मीशिम्मी बदलली. जोन्सबाईंना सिनेमा आवडला. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखानं नांदताहेत.

मग एंडेच्या सिनेमात बिघडलं कुठे? माझ्या मते ते मुलाच्या पोटापाशी बिघडलं.

पुस्तकातला बास्टियान बाल्थाझार बुक्स जाडा आहे. दहा-अकरा वर्षांचा, फेंगड्या पायांचा, वर्गातल्या मुलांनी पिटाळलेला, व्यायामाच्या तासाला दोरावर लोंबकळत राहणारा, एका वर्षी नापास झालेला. राणीचं नाव त्याला आधीच सुचलेलं असतं. तो ते उच्चारत नाही, कारण त्याला स्वतःची लाज वाटते. तिथे सगळे राजपुत्राची वाट बघणार आणि जाणार कोण, तर हा थुलथुलीत मुलगा! म्हणून तो गप्प बसतो आणि तो गप्प बसतो म्हणून एक राज्य नाहीसं होत जातं. सिनेमातला मुलगा सडपातळ, देखणा, मोठ्या डोळ्यांचा. तो अडतो ते वडिलांनी ‘पाय जमिनीवर ठेव’ असं बजावलेलं असतं म्हणून. आता हे कारण ठीकच आहे, पण ते कुणाचंही असू शकतं. लाज फक्त बास्टियानची होती.

ती लाज काढली की पुढचा अर्धा भाग आपोआपच निरुपयोगी होतो. कारण फांटाझियनमध्ये पोचल्यावर बास्टियानची सुरुवातीची इच्छाच मुळी सुंदर दिसण्याची. पुरी होते. त्याबरोबर आपण कधी जाडे होतो ही आठवण जाते. मग बळकट व्हायचं असतं, मग शूर, मग शहाणा. पदकाच्या मागे कोरलंय, ‘तुला हवं ते कर’, आणि प्रत्येक इच्छेला त्याच्या जुन्या आयुष्यातली एकेक आठवण खर्ची पडते. त्याला पत्ताही लागत नाही, कारण जे गेलं ते गेल्याचंही आठवत नाही. पुढे त्याला एक नगर लागतं. तिथे त्याच्याआधी आलेली माणसं राहतात, सगळ्या आठवणी खर्चून बसलेली. एक माकड त्यांच्याकडे बघतं. त्यांना उद्योग काय, तर सहाही बाजूंना अक्षरं असलेले फासे टाकायचे. टाकत राहिलं तर केव्हातरी त्यातून गोष्ट उठेल, म्हणून.

१९९० मध्ये या सिनेमाचा दुसरा भाग आला, वेगळ्या दिग्दर्शकाचा, आणि त्यात हा आठवणींचा मामला घेतला. कसा? तर एका चेटकिणीनं यंत्र बनवलंय आणि ते यंत्र दर इच्छेला मुलाची एक आठवण काढून घेतं. झालं. इच्छेची किंमत गेली आणि खलनायिका आली. पुस्तकातही झायिडे नावाची चेटकीण आहे आणि ती मुलाला भरीस घालते, पण आठवणी ती चोरत नाही. तो स्वतःच देत सुटतो.

पहिल्या सिनेमात तर किंमतच नाही. राणी म्हणते, हव्या तेवढ्या इच्छा कर, जितक्या जास्त तितकं आमचं राज्य सुंदर. आणि मुलगा काय मागतो? ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो आणि ज्यांनी त्याला छळलं त्या पोरांना पळवून पळवून कचऱ्याच्या डब्यात उड्या मारायला लावतो. तळमजल्यावरच्या त्या हॉलमध्ये याला टाळ्या पडल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या. आज तो प्रसंग बघताना अंगावर काटा येतो. पुस्तकात त्या राज्यातली माणसं आपल्या जगात येतात तेव्हा काय होतं हे एक लांडगा आत्रेयूला सांगतो: ती इथे खोटेपणा होऊन येतात, भ्रम होऊन माणसांच्या डोक्यात राहतात आणि मग त्यांच्या जोरावर लोकांना नको त्या वस्तू विकता येतात, अनोळखी माणसांचा द्वेष करायला लावता येतं. ड्रॅगनला इकडे ओढून आणणं ही त्या पुस्तकातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे, आणि सिनेमानं तोच सुखाचा शेवट म्हणून दिला.

बापाचंही तसंच. सिनेमा सुरू होतो तो बाप-लेकाच्या न्याहारीनं. आई गेलेली, बाप घड्याळाकडे बघतोय. पण एकदा मुलगा शाळेला निघाला की बाप परत दिसत नाही. पुस्तकात उलट आहे. बाप सुरुवातीला फक्त मुलाच्या मनात येऊन जातो, दात बनवणारा तंत्रज्ञ म्हणून. मग शेकडो पानांनी, सगळं विसरलेला बास्टियान एका खाणीत उतरतो. माणसांना पडलेली आणि विसरलेली स्वप्नं तिथे अभ्रकासारख्या पातळ पत्र्यांच्या चित्रांमध्ये थरावर थर साठलेली असतात. आंधळा खाणकामगार म्हणतो, तुझं एक शोध. अंधारात चाचपडत, दिवसच्या दिवस उकरल्यावर एक चित्र हाती लागतं. पांढरा डगला घातलेला एक माणूस, हातात प्लास्टरची कवळी, आणि तो माणूस आरपार दिसणाऱ्या बर्फाच्या लादीत गोठलेला. बास्टियानला तो कोण ते कळत नाही. फक्त त्याच्याकडे जावंसं वाटतं.

मी ते प्रकरण रात्री वाचलं. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते, झोपलेले किंवा जागे. मी उगाचच बाहेर जाऊन त्यांना चहा हवा का विचारलं. रात्री अकराला. ते म्हणाले, ‘आता? बरं, टाक.’

पडद्यावर न येणारी अजून एक गोष्ट आहे, पण तिच्याबद्दल मी दिग्दर्शकाला दोष देणार नाही. पुस्तकात एका राक्षसी कोळिणीच्या प्रसंगी वाचणारा बास्टियान दचकून किंचाळतो आणि ती किंकाळी गोष्टीतल्या दरीत घुमते. कोळीण चमकून इकडेतिकडे बघते, हा कुणाचा आवाज? (सिनेमात हे महाकाय कासवापाशी होतं.) पुढे तर कमाल आहे. मुलगा नाव घेत नाही म्हणून राणी एका म्हाताऱ्याकडे जाते. जे घडतं ते तो लिहितो आणि तो जे लिहितो ते घडतं. ती त्याला म्हणते, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांग. तो सुरू करतो: काचेच्या दारावरची उलटी पाटी, पावसात भिजलेला जाडा मुलगा. माळ्यावरचा मुलगा स्वतःबद्दलच वाचायला लागतो. वाचत वाचत गोष्ट या क्षणापर्यंत येते, इथे म्हातारा परत पहिल्यापासून सुरू करतो, आणि हे असंच चालणार, कायमचं, जोवर मुलगा हाक मारत नाही. तेवढ्यात आपल्या लक्षात येतं की लाल शाईतला मुलगा हिरव्या शाईतलं वाचतोय खरा, पण दोन्ही शाया आपल्या मांडीवर आहेत. सिनेमात राणी यावर एक वाक्य बोलते: हा जसा आत्रेयूच्या सोबत आहे तसे आणखी कुणीतरी याच्या सोबत आहेत. खरं आहे. पण सिनेमा आपण थांबलो तरी चालतो. पान उलटायला मात्र हात लागतो.

पुस्तकात एक पालुपद आहे. एखादं पात्र रस्त्यात भेटून निघून गेलं की लेखक म्हणतो, पण ती गोष्ट वेगळी, ती पुन्हा केव्हातरी सांगू. आपल्याकडच्या कहाण्या साठां उत्तरांची असली तरी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. हा पठ्ठ्या नेमकं ते होऊ देत नाही. सिनेमाच्या शेवटी निवेदक हेच वाक्य म्हणतो, बास्टियान पुढे आपल्या जगात परतला पण ती गोष्ट वेगळी. ऐकताना मला हसू येतं. जी गोष्ट होती तीच ‘वेगळी’ म्हणून दाराबाहेर ठेवली!

इतकं सगळं ठणकावून बोलायची सवय मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत होती. मग उन्हाळी शिबिरात मुलांचं नाटक बसवायची पाळी आली.

सोसायटीचा पत्र्याचा हॉल, चौदा मुलं, चाळीस मिनिटं. मी हीच गोष्ट निवडली. पहिल्याच दिवशी चौदापैकी नऊ जणांना ड्रॅगन व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी अडलं ते ‘नाहीपणा’शी. त्या राज्याला जे गिळतंय ते अंधार नाही, खड्डा नाही, काहीच नाही. पुस्तकात म्हटलंय की तिकडे बघितलं की आपण आंधळे झालोय असं वाटतं. सिनेमावाल्यांनी सहा कोटी मार्कांत त्याचे काळे ढग केले होते. आमच्याकडे सतरा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. चौथीतली एक मुलगी म्हणाली, ‘ताई, सगळं रंगमंचावर मांडू या आणि कुणी बघत नसताना एकेक खुर्ची काढू या.’ तसं केलं. तालमीत दहाव्या मिनिटाला मला स्वतःलाच कळेना की इथे मघाशी काय होतं. ते बेस जमलं.

पुस्तकातली किंकाळी गोष्टीत ऐकू येते ते मात्र काही केल्या जमेना. माळ्यावरचा मुलगा एका कोपऱ्यात बसवला, तो ओरडला की दुसऱ्या कोपऱ्यातल्यांनी चमकायचं, असं करून बघितलं. चमकणारे आधीच त्याच्याकडे बघत बसायचे. काढून टाकलं.

आणि बास्टियान. शिबिरात सातवीतला एक मुलगा होता, अंगानं चांगलाच भरलेला, आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मी मनातल्या मनात त्याला पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. सडपातळ मुलगा घेणाऱ्यांची चूक मी करणार नव्हते. भूमिका वाटल्या तेव्हा तो काही बोलला नाही. सगळे गेल्यावर चपला घालता घालता थांबला.

‘ताई, मला मी जाडा आहे म्हणून घेतलंय का?’

मी म्हटलं, ‘तू सगळ्यांत चांगलं बोलतोस म्हणून.’ ते खरं होतं. अर्धं.

‘पण तो पुस्तकात जाडाच आहे ना?’

‘आहे.’

तो पायातल्या चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, ‘मग मला घोडा करा.’

पंधरा वर्षं मी ज्या निर्मात्यांना नावं ठेवत आले होते, त्यांच्या ऑडिशनच्या खोलीतही असं कुणी चपला घालता घालता थांबलं असेल का, हे मला तोवर सुचलं नव्हतं. बास्टियानचं काम शेवटी एका काटकुळ्या मुलाकडे गेलं. जाडेपणाचं वाक्य मी संहितेतून काढलं. लाज म्हणून त्याला तोतरं बोलायला लावायचा विचार क्षणभर आला, तोही सोडला.

घोड्याला संवाद ठेवायचा की नाही, हे मी त्याच्यावरच सोपवलं. ‘नको,’ तो म्हणाला. ‘घोडा कशाला बोलेल?’

दलदल म्हणजे कुणाच्या तरी पणजीची तपकिरी नऊवारी. दोन मुली ती रंगमंचाच्या दोन टोकांना आडवी ताणून धरायच्या आणि मंद हलवायच्या. आत्रेयूचं काम करणारी मुलगी पुढे उभी राहून दोर ओढायची. घोडा लुगड्यामागे. त्यानं कुणी न सांगता गुडघे इतके सावकाश मोडायला घेतले, की तो बसतोय हे कळतच नव्हतं. लुगडंच वर चढतंय असं वाटायचं.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पंखे गरगरत होते तरी सगळे घामेघूम. घोडा थांबला. दोर ताणला गेला. ती मुलगी ओढतेय, विनवतेय. घोडा समोर बघतोय, कुणाकडेच नाही. लुगडं छातीला आलं, मानेला आलं. मागच्या रांगेत फोनवर बोलणारे एक गृहस्थ बोलायचे थांबले. मग पुठ्ठ्याचे दोन कान तेवढे वर राहिले, आणि तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून चार वर्षांचा एक आवाज फुटला:

‘दादा! वर ये ना!’

आत्रेयू दचकली. दोर सोडून तिनं खरोखरच मान वळवून अंधारात बघितलं, हा आवाज कुठून आला म्हणून. तालमीत एकदाही तिला तसं जमलं नव्हतं. लुगड्यावर कान हलले, मग कपाळ आलं, मग नाक.

‘येतो गं,’ घोडा म्हणाला. ‘आधी मरू तर दे.’